मेंदूच्या नावावर जुनीच वाटणी

दसरा होऊन गेला होता आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. त्या दिवसांत धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी एका छात्राध्यापिकेचा पाठ बघायला गेले. पाठ नीट झाला. टाचण व्यवस्थित, साहित्य स्वतः बनवलेलं, मुलांशी बोलणं मायेचं. नंतर तिने मला कृतिसंशोधनाची वही दाखवली. तिसरीतल्या सव्वीस मुलांची तिने तीन रकान्यांत विभागणी केली होती: बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि हाताने करून शिकणारी. तिसऱ्या रकान्यात नऊ नावं होती. ती वाचता वाचता मी अस्वस्थ झाले. नऊपैकी आठ मुलं कारखान्याला जाणाऱ्या घरांतली किंवा तांड्यावरची होती. “यांना वाचनापेक्षा हातकाम जमतं, मॅडम. यांचा मेंदूच तसा असतो,” ती म्हणाली. तिच्या मनात कसलाही दुजाभाव नव्हता. तिचे स्वतःचे आईवडील पंधरा वर्षं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जात होते.

भावी शिक्षकांच्या डोक्यात मेंदूविषयी किती खुळ्या समजुती भरल्या आहेत, यावर आमच्या भागातल्या शिक्षक-प्रशिक्षकांत सध्या वाद चालू आहे. वाद व्हायलाच हवा होता, पण तो भलत्याच अंगाने चालला आहे. एक बाजू म्हणते, पूर्वीचे डी.एड.वाले कसे तयार होऊन बाहेर पडत, आताची मुलं गाईड वाचून पास होतात, त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार? दुसरी बाजू म्हणते, मेंदूआधारित शिक्षण ही नव्या काळाची भाषा आहे आणि तिच्यावर शंका घेणारे खडू-फळ्याच्या जमान्यात अडकलेत. एका बाजूला छात्राध्यापकांची मापं काढायची आहेत, दुसरीला स्वतःची प्रशिक्षणं वाचवायची आहेत. त्या नऊ मुलांचं पुढे काय होणार, हा प्रश्न दोन्हीकडून विचारला जात नाही. माझं म्हणणं असं आहे की या समजुती म्हणजे सामान्यज्ञानातल्या किरकोळ चुका नव्हेत. कोणी डोक्याने शिकायचं आणि कोणी हाताने राबायचं, ही आपल्याकडची जुनी वाटणी या समजुती विज्ञानाच्या भाषेत पुन्हा मांडतात आणि भल्या माणसांच्या हातून ती राबवून घेतात. याची जबाबदारी वीस वर्षांच्या छात्राध्यापकांवर ढकलता येणार नाही. त्यांना हे आम्ही प्रशिक्षकांनीच शिकवलं. उजवा मेंदू कलेचा आणि डावा गणिताचा, असं चित्र मी स्वतः फळ्यावर काढलेलं आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही विचारलेला आहे.

या समजुती एवढ्या चिवट का आहेत? कारण त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी खऱ्याचा एक कण असतो. मेंदूच्या दोन अर्धगोलांची कामं पूर्णपणे सारखी नाहीत, हे खरंच आहे. अपस्माराच्या उपचारासाठी ज्या रुग्णांचे दोन अर्धगोल जोडणारे तंतू शस्त्रक्रियेने तोडले होते, त्यांच्यावर रॉजर स्पेरी यांनी प्रयोग केले आणि १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. बहुतेक माणसांत भाषेचा मोठा भार डावीकडे असतो, हेही खरं. पण ज्या माणसाचे दोन्ही अर्धगोल शाबूत आणि जोडलेले आहेत, तो ‘उजव्या मेंदूचा’ किंवा ‘डाव्या मेंदूचा’ असतो, हे यातून निघत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एक हजारांहून जास्त लोकांच्या मेंदूची चित्रं तपासली. कुणाचा उजवा मेंदू एकंदरीत वरचढ आणि कुणाचा डावा, असे माणसांचे प्रकार त्यांना सापडले नाहीत. आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, ही समजूत तर पक्षाघाताचा एक रुग्ण जवळून बघितला तरी टिकत नाही. शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्के असलेला हा अवयव आपल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के खातो. नऊ-दशांश भाग नुसता पडून असता तर शरीराने हा खर्च कशाला सोसला असता? डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला लावणारं ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणी यांना इथे जास्त जागा देत नाही. नाकाशेजारच्या फटीतून दिसतं, एवढंच पहिल्यातलं रहस्य आहे. दुसरीला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलेलं आहे. या दोन्हींत आईबापांचे पैसे जातात. वर्गात शिरलेली ‘अध्ययन शैली’ मात्र मुलाचं आयुष्य नेते, म्हणून मी तिच्याबद्दलच सविस्तर लिहिणार आहे.

प्रत्येक मूल बघून, ऐकून किंवा करून शिकणारं असतं आणि त्याला त्याच्या शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं, असा हा दावा आहे. ऐकायला इतका रास्त वाटतो की तपासावा असं कुणाच्या मनात येत नाही. ब्रिटनमधल्या एका आढाव्यात २००४ साली अशा शैली सांगणाऱ्या ७१ वेगवेगळ्या मांडण्या मोजल्या गेल्या. एकाच मुलाला ७१ तऱ्हांनी विभागता येत असेल, तर त्या विभागणीला अर्थ काय उरला? २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी यातला मूळ मुद्दा पकडला. दावा खरा ठरायचा असेल तर कसोटी सरळ आहे. बघणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना दाखवून शिकवा, निम्म्यांना ऐकवून. ऐकणाऱ्या मुलांचंही तसंच करा. मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. बघणारी मुलं दाखवल्यावर आणि ऐकणारी ऐकवल्यावर सरस ठरली, तर शैली मान्य. त्यांना आढळलं की या कसोटीला उतरेल असा अभ्यास क्वचितच झाला होता, आणि ज्यांनी केला त्यांच्यातल्या अनेकांचे निष्कर्ष दाव्याच्या विरुद्ध गेले होते. मुलांना आवडीनिवडी असतात, हे कोणी नाकारलेलं नाही. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं म्हणजे जास्त शिकलं जातं, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही.

खरं तर यासाठी परदेशी प्रयोगांकडे जायचीही गरज नव्हती. गोदावरी पैठणवरून गंगाखेड, नांदेड करत पुढे कशी जाते हे कळायला नकाशाच बघावा लागतो. ‘ऐकून शिकणाऱ्या’ मुलाला तो नुसता वाचून दाखवला तर त्याच्या पदरात काय पडेल? जनाबाईचा अभंग कानावर पडल्याशिवाय त्याची लय कळत नाही, मग मूल कोणत्याही रकान्यातलं असो. भाकरी थापायला तर सगळ्यांनाच परातीपाशी बसावं लागतं. डोळे लागणार, कान लागणार की हात, हे शिकायची गोष्ट ठरवते. ते ठरवण्याचा अधिकार आपण मुलाच्या कल्पित मेंदूला देऊन टाकला आणि तिथेच घोटाळा झाला.

समोरच्या बाजूचं जे बळकट आहे ते मान्य केलं पाहिजे. शैलींच्या या कल्पनेने शिक्षकांना वर्गात चित्रं, गाणी, बिया, काड्या आणायला लावलं, ही भली गोष्ट आहे. चाळीस मिनिटं एकसुरी वाचून दाखवणाऱ्या गुरुजींपेक्षा तीन तऱ्हांनी शिकवणारी ही मुलगी कधीही बरी. आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत वजनदार वाटते. ज्या वर्गात मुलाला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं जायचं, तिथे ‘तो वेगळ्या पद्धतीने शिकतो’ असं म्हणणं हे दयेचं पाऊल होतं. बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, ही मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांची १९८३ सालची बहुविध बुद्धिमत्तेची मांडणी आपल्याकडे इतक्या प्रेमाने स्वीकारली गेली ती याच भावनेतून. मार्कांच्या एकाच काठीने मोजली जाणारी मुलं त्या मांडणीत पहिल्यांदा माणसं म्हणून दिसली. (बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययन शैली नव्हे, असं खुद्द गार्डनर यांनी जाहीरपणे बजावलं आहे. आमच्या नोट्समध्ये मात्र दोन्ही एकाच परिच्छेदात येतात.)

पण ही दया त्या मुलाला कुठवर नेते? ‘ढ’ म्हटलेल्या मुलाची आई निदान शाळेत येऊन भांडू तरी शकायची. ‘तुमचं मूल हाताने शिकणारं आहे’ असं गोड शब्दांत सांगितलं की ती मान डोलावून परत जाते, कारण हे तिला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलेलं आहे. तिसऱ्या रकान्यातल्या मुलांना वाचनाच्या तासाला मातीकाम दिलं जातं. ती रमतात. रमतात म्हणून रकाना बरोबर होता असं वाटतं. चौथीत त्यांना सलग परिच्छेद वाचता येत नाही आणि मग त्याचंही उत्तर त्याच रकान्यात सापडतं. मूल हाताने शिकणारं होतं म्हणून वाचनात मागे पडलं, की दिवाळीपासून मार्चपर्यंत फडाच्या कडेला कोपीत राहत होतं म्हणून? तांड्यावरचं मूल शांत बसतं ते त्याचा कान कच्चा आहे म्हणून, की घरी गोरमाटी बोलणाऱ्या त्या पोराला मराठी अजून नीट उमगत नाही म्हणून? दोन्ही ठिकाणी खरं कारण शाळेच्या आवाक्यात आहे. हंगामी वसतिगृह नीट चालवता येतं, बुडालेले महिने भरून काढता येतात, गोरमाटीतून मराठीकडे पूल बांधता येतो. कारण मेंदूत आहे असं एकदा ठरलं की यातलं काहीच करावं लागत नाही.

हे पहिल्यांदा घडत नाही, म्हणून मी एवढ्या तळमळीने लिहिते आहे. १८०० च्या आसपास व्हिएन्नातल्या फ्रान्त्स योझेफ गॉल यांनी कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव आणि बुद्धी ओळखण्याचं शास्त्र उभं केलं. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी कामं असतात, हा त्यातला कण खरा निघाला. त्यावर रचलेला डोलारा खोटा होता, पण तो कोसळेपर्यंत कितीतरी माणसांची लायकी त्यांच्या कवटीवरून ठरली. आपल्याकडे इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावली आणि १९०१ च्या जनगणनेचे प्रमुखही तेच होते. त्याही काळी हे अत्याधुनिक विज्ञान म्हणूनच आलं होतं. त्याला उत्तर देताना बाबासाहेब आंबेडकरांनी नुसता संताप व्यक्त केला नाही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी नाकांच्या मोजमापांचेच आकडे हाती घेतले आणि त्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही, हे दाखवून दिलं. दोनच वर्षांनी, १९५० साली, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झालं. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या संस्थेत खेड्यापाड्यांतून जी मुलं आली, त्यांना कुणी आधी शैली विचारली असती तर कोणत्या रकान्यात टाकलं असतं?

आणि आपण मराठवाड्याची माणसं तरी हे कसं विसरतो? निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होतं. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचंच होतं. मराठी बोलणारी मुलं मागे राहत होती. त्या वेळी कुणी आपल्या आजोबांचा मेंदू तपासून ‘ही माणसं शेतीकामाच्या शैलीची आहेत’ असा दाखला दिला असता, तर आपण तो मान्य केला असता का? शाळा नव्हत्या, भाषा परकी होती, हे कारण आपल्याला चटकन दिसतं, कारण ते आपल्याबद्दल आहे. तांड्यावरच्या मुलाबद्दलही तेच कारण दिसायला हवं.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट इथे घरोघर माहीत आहे. संतमेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं आहे असं सांगितलं. नरसीचे नामदेव दुखावले. पण परंपरा तिथे थांबत नाही. ती त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे नेते आणि तिथे ते शिकतात. कच्चं असणं ही नामदेवांची शैली आहे, असं काही गोरोबा म्हणाले नव्हते. काय राहिलंय एवढंच त्यांनी सांगितलं, आणि ते राहिलेलं भरून काढायला पुढे एक गुरू होता. आमच्या तक्त्यांत पहिला भाग कसाबसा आहे, दुसरा नाही.

आणखी एक समजूत याच कामाला जुंपली जाते. सहा वर्षांच्या आधी मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास होतो, हे वाक्य २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे आणि अंगणवाडीपासून अध्यापक विद्यालयापर्यंत सगळीकडे ते सांगितलं जातं. लहान मुलांच्या पोषणाकडे आणि बोलण्या-खेळण्याकडे लक्ष वेधायला त्याचा उपयोग झाला, हे मला मान्य आहे. पण सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचं आकारमान मोठ्यांच्या मेंदूच्या जवळ पोचतं, एवढाच त्याचा अर्थ आहे. शिकण्याचा दरवाजा तिथे बंद होत नाही. कपाळामागच्या भागाची जडणघडण विशी ओलांडेपर्यंत चालू असते. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक तिशीतल्या स्त्रिया होत्या, सहा महिने हिंदी लिहा-वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेंदूच्या खोलवरच्या भागांतल्या जोडण्यासुद्धा बदललेल्या दिसल्या. तिशीतली बाई सहा महिन्यांत इथवर येते, तर आठव्या वर्षी पहिल्यांदा सलग शाळेत बसलेल्या मुलाला ‘वेळ निघून गेली’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मला एक आक्षेप घेतला जातो आणि तो योग्य आहे: हे प्रयोग बहुतेक परदेशातल्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलांवर झालेत, ते धारूरला का लागू व्हावेत? खरंच, आपल्या वर्गांत असे अभ्यास व्हायला हवेत. पण अध्ययन शैली तरी कुठे धारूरच्या मातीत उगवली? तीही बाहेरूनच आली, आणि तिच्यावर रकाने भरायच्या आधी पुरावा मागणं आपलं काम होतं. उलट, ज्याला बऱ्यापैकी आधार सापडला आहे ते आपण नाकं मुरडून बाजूला ठेवलं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. लगेच परीक्षा घेतली तर मात्र पुन्हा वाचणारेच पुढे दिसतात, म्हणून फसायला होतं. लातूर पॅटर्नला आम्ही सरसकट घोकंपट्टी म्हणून हिणवलं. त्यातली मुलांवरची जीवघेणी ओढाताण मला कधीच पटली नाही आणि पटणार नाही. पण त्यातल्या सारख्या सराव परीक्षा म्हणजे आठवण्याचा सरावच होता, आणि तेवढा भाग तिसरीच्या वर्गात मार्कांशिवाय, भीतीशिवाय, रोज पाच मिनिटं सहज करता येतो. पाढे म्हणून घेण्याची जुनी पद्धतही याच कामाची होती. तिच्यातली छडी काढायला हवी होती, आपण पद्धतच काढून टाकली.

मग अभ्यासक्रमात मेंदूवरचा एक तास वाढवावा का? इथे जरा थांबून विचार करायला हवा. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांच्या २०१२ च्या पाहणीत, ज्यांना मेंदूबद्दल जास्त माहिती होती तेच गैरसमजांवरही जास्त विश्वास ठेवत होते. म्हणजे माहिती वाढवल्याने हे जात नाही, कदाचित आणखी मुरतं. मला वाटतं, छात्राध्यापकांना मेंदूचे भाग पाठ करायला लावण्याऐवजी दावा तपासायला लावावा. पॅशलर यांची कसोटी डी.एल.एड.च्या (पूर्वीच्या डी.एड.च्या) पहिल्या वर्षाच्या मुलीला एका तासात कळते. सव्वीस मुलांच्या वर्गातून काही सिद्ध होणार नाही, पण ‘हे कशावरून?’ असं विचारायची सवय लागते. आणि हे करायचं तर आधी आम्हा प्रशिक्षकांना आमच्या जुन्या नोट्स बाजूला ठेवाव्या लागतील. चुकीचं शिकवलं, हे त्याच वर्गासमोर उभं राहून सांगावं लागेल. मी गेल्या वर्षी ते केलं. अवघड गेलं, पण समोरच्या मुलींनी त्यानंतर जेवढे प्रश्न विचारले तेवढे आधी कधी विचारले नव्हते.

धारूरच्या त्या मुलीला मी एवढंच म्हणाले होते, “तू तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येकाजवळ दहा मिनिटं बस आणि त्याला नेमकं कुठे अडतं ते लिही.” टोळ्या निघायला चार दिवस होते. आठवड्याने तिने वही पाठवली. शैलीचे तिन्ही रकाने खोडलेले होते. नऊ नावांपुढे तिच्या अक्षरात नोंदी होत्या. एकाला जोडाक्षरं येत नाहीत, बाकी सगळं वाचतो. एकीला ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी कळत नाही. एकाला अक्षरं येतात पण मराठी शब्दांचा अर्थ लागत नाही, गोरमाटीत सांगितलं की लगेच हसतो. दोघांना फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासायला हवेत. शेवटच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘काल कारखान्याला गेला, मार्चमध्ये येईल, चौदाव्या पाठापासून घ्यायचं.’